आकाशातील उमेदवारी



मला येथे बोलावताना मी विडी कामगार स्त्रियांविषयी किंवा यंत्रमागाविषयी बोलेन अशी चालकांची अपेक्षा असावी, आणि ती गैर नव्हती. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले; उरलेले मागाच्या शेजारी आणि युनियनच्या कचेरीत झाले. ज्यात आयुष्य गेले त्यावरच माणसाने बोलावे, हे मलाही मान्य आहे. तरीही आज मी वैमानिकांविषयी, आणि त्यांतही नव्याने नोकरीत शिरणाऱ्या वैमानिकांविषयी बोलणार आहे. विमान चालविण्यातले मला काही कळत नाही. परंतु नवा माणूस कामावर येतो तेव्हा त्याला कोण शिकवतो, शिकण्याचा खर्च कोण सोसतो आणि चूक दिसली असता त्याला तोंड उघडता येते की नाही, हे तीन प्रश्न मी जन्मभर पाहत आलो आहे. विमानधंद्याचा इतिहास या तीन प्रश्नांच्या अंगाने वाचला, तर तो आपल्याला परका वाटत नाही.

मी राहतो त्या कुंभारीत २००६ साली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचे नाव तिला दिलेले आहे. होटगी रस्त्याचा विमानतळ तेथून फार लांब नाही. विमानांच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सुरू झाले. विमानाचा आवाज आला की आमच्या बाया मांडीवरचे सूप तसेच ठेवून वर पाहतात. त्या विमानात पुढे दोन माणसे बसतात. एक कॅप्टन आणि दुसरा सह-वैमानिक. आजचे माझे बोलणे त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे.

याला निमित्तही तसेच घडले. यंत्रमागावर जॉबरचे काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ एका संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीने वैमानिकाचा परवाना मिळविला होता. त्यासाठी गावाकडची जमीन गहाण पडली होती आणि बँकेचे कर्ज वेगळेच. आता एका कंपनीचा करारनामा घरी आला होता. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही एवढे करारनामे वाचता. यावर पोरीनं सही करावी का?" मी तो कागद ठेवून घेतला आणि रात्री वाचला. कंपनीच्या जातीचे विमान शिकण्याचा खर्च उमेदवाराने द्यायचा. ठरावीक वर्षे नोकरी सोडायची नाही. सोडली तर काही लाख रुपये भरायचे. कंपनीनेच काढून टाकले किंवा कंपनीच बुडाली तर काय, यावर मात्र कागदात एक अक्षरही नव्हते. मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि वाचीत बसलो. ते वाचन पुढे वाढत गेले, आणि तेच आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

जॉबरची दस्तुरी

'उमेदवार' हा शब्द आज आपण निवडणुकीपुरता वापरतो. पूर्वी कचेरीत कायम जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणाऱ्या पोरालाही उमेदवार म्हणत. कारखान्यात ही उमेदवारी जॉबरच्या हाताखाली होई. सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, मुंबईत त्याआधीच गिरण्या उभ्या होत्या, आणि दोन्हीकडे कामगार भरतीचे काम जॉबरकडे असे. तो गावाहून माणसे आणी, कामावर लावी, काम शिकवी, आणि मनात आले तर काढूनही टाकी. यासाठी तो कामगाराकडून दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने, म्हणजे मजुरीविषयक शाही आयोगाने, १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावे असे सुचविले. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्यास सुरुवात केली. तोपर्यंत बदलीवाल्याला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून जॉबरच्या तोंडाकडे पाहावे लागे.

मी सोळाव्या वर्षी मागावर उभा राहिलो तेव्हा गिरण्यांचे वैभव सरत आले होते आणि शाही आयोगाचा अहवाल लिहून अर्धशतक लोटले होते. तरी मी ज्या कारखान्यात शिकलो तेथे पहिल्या आठवड्याची मजुरी शिकविणाऱ्याच्या हातात ठेवण्याची रीत होती. एकदा धोटा नीट चालत नाही हे माझ्या लक्षात आले. पण बोललो तर उद्या माग मिळणार नाही या भीतीने मी गप्प राहिलो. धोटा उडाला आणि शेजारच्याच्या खांद्याला लागला. शिकविणारा माणूस वाईट नव्हता. तुटलेल्या तारेची गाठ कशी मारायची हे त्यानेच माझी बोटे धरून शिकविले, आणि ती गाठ मला आजही येते. दोष रीतीचा होता. शिकविणारा, पोटाला लावणारा आणि पोटावरून उठविणारा एकच असला, की शिकणाऱ्याची जीभ बांधली जाते. कारखान्यात याची किंमत एका खांद्याने दिली. विमानात ती किती माणसे देतात, ते पुढे येईलच.

जुहूच्या मैदानावर

आपल्या देशातील विमानधंद्याचा आरंभ मुंबईचा. मुंबई फ्लाइंग क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. त्यावर क्रमांक एक होता. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसासाठी आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. टाटा कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लग नसल्याने अस्पी तेथे अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. आणि बक्षीस अस्पीने जिंकले. हाच मुलगा पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत विमान आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती टपाल बल्लारीवरून मद्रासकडे नेली. जुहूला तेव्हा धावपट्टी कसली, चिखलाचे मैदान होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि सारा संसार पुण्याला हलवावा लागे. इतक्या लहान जगात जुना वैमानिक नव्याला मैत्रीनेच शिकवी. ती प्लगची गोष्ट वाचून माझे मन भरून आले, हे मी कबूल करतो. पण मैत्री ही व्यवस्था नव्हे. त्या काळी विमान शिकणारा बहुतेक सुखवस्तू घरातला असे. क्लबाची फी ज्याला परवडे त्यालाच आकाश मोकळे होते. शिकणाऱ्याच्या घरी पैसा असणारच, हे गृहीत या धंद्याच्या जन्मापासून त्यात आहे आणि ते अद्याप निघालेले नाही.

पुढे १ ऑगस्ट १९५३ रोजी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे राहिली. सरकारी नोकरीबरोबर वैमानिकांच्या संघटनांना बळ आले आणि ज्येष्ठता यादीला महत्त्व आले. कोणी किती वर्षांपूर्वी लागला त्या क्रमाने बढती, मोठे विमान, कॅप्टनपद. अशा यादीची थट्टा करणे सोपे आहे. पण नव्या माणसाला आपण कुठे उभे आहोत आणि किती पायऱ्या पुढे आहेत हे त्या यादीत दिसते. साहेबाची मर्जी तेथे चालत नाही. बदली कामगाराला कार्ड मिळाले तेव्हा जो हिशेब झाला, तोच येथे झाला.

परंतु यादीत नाव यायला आधी दार उघडावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत ते फार हळू उघडले. आपल्या शेजारच्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने प्रेम माथुर यांना स्वातंत्र्याच्या सुमारास सह-वैमानिक म्हणून घेतले, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती! त्यानंतर नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर हे फॉकर विमान सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी नेले. सर्व कर्मचारी स्त्रिया असलेले ते इंडियन एअरलाइन्सचे पहिले उड्डाण. कॅप्टनच्या जागी आपली मराठी बाई होती आणि शेजारी बसलेली तिची सह-वैमानिक विशीतली होती. तीच सह-वैमानिक १९९० साली, सव्विसाव्या वर्षी, जेट विमानाची कॅप्टन झाली. वरच्याने खालच्याला हात दिला, की खालचा किती लवकर वर येतो, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडले नाही.

बांधलेली जीभ

आता ज्या भागाविषयी बोलताना माझा आवाज जड होतो, तो सांगतो.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. डच विमानाचा कॅप्टन त्या कंपनीत जंबो विमानाच्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सह-वैमानिकाची जंबो विमानाची परीक्षा अवघ्या दोन महिन्यांपूर्वी त्याच कॅप्टनने घेतली होती. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका मागे बसलेल्या इंजिनियरने काढली. कॅप्टनने ठामपणे ती उडवून लावली. पुढे कोणी बोलले नाही. मित्रहो, परीक्षक आणि शेजारी एकच! आमच्या जॉबरची गोष्ट मला येथे कशी आठवणार नाही?

या आणि अशा अपघातांतून जग काही शिकले. १९७९ साली अमेरिकेत नासा संस्थेने एक परिषद भरविली. कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे रीतसर शिक्षण तेव्हापासून सुरू झाले. आपल्याकडेही ते आले. पण शिक्षण आले म्हणून भीती गेली असे होत नाही.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे गेले आणि दरीत कोसळले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. कॅप्टन प्रवासाचा बराच वेळ झोपलेला होता, आणि उतरताना सह-वैमानिकाने तीन वेळा 'गो अराउंड', म्हणजे विमान न उतरवता पुन्हा वर न्या, असे सांगितले, हे तीत नोंदले गेले. तीन वेळा सांगूनही विमान खाली आले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री, कोळिकोडला भर पावसात त्याच कंपनीचे विमान तसेच पुढे गेले. २१ माणसे मेली; त्यांत कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सह-वैमानिक अखिलेश कुमार हे दोघेही होते. साठे हवाई दलात नावाजलेले अधिकारी होते. चौकशीच्या अहवालात पुन्हा तेच आले. सह-वैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते, विमान उतरविणे थांबले नाही, आणि सह-वैमानिकाने विमानाचा ताबा आपल्याकडे घेतला नाही. कोळिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते आणि दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाची जबाबदारीही साठे यांच्यावरच होती, हेही त्या अहवालात आहे.

दिवंगत माणसांवर दोष टाकून मोकळे होणे फार सोपे असते. मला तसे करायचे नाही. मी एवढेच विचारतो की, ज्याच्या हाती आपली लँडिंगे, आपला शेरा आणि पुढची बढती आहे, त्याच्या हातातून विमानाचा ताबा घे, असे आपण एका तरुणाला सांगतो तेव्हा त्याच्यासाठी आपण काय केलेले असते? पुस्तकात नियम आहे. पण नियमाच्या मागे कोण उभे आहे? पंचवीस-तीस वर्षांच्या माणसाने काही क्षणांत एवढे मोठे धैर्य दाखवावे असे वाटत असेल, तर त्याच्या पाठीशी ते धैर्य आधीची पाच वर्षे साठवून ठेवावे लागते. ते काम शिकविणाऱ्याचे आहे, कंपनीचे आहे आणि संघटनेचेही आहे.

बाजाराची वर्षे

१९९४ साली विमान महामंडळांचा कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. २००३ साली एअर डेक्कनने स्वस्त भाड्याचा जमाना आणला. वैमानिकांची टंचाई पडली, पगार वाढले आणि गावोगावची मुले उड्डाणशाळांकडे धावली. आपल्या देशात व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. कॅप्टनच्या परवान्याला १५०० तासांचे. मधले तेराशे तास कोणाच्या तरी शेजारी बसून मिळवायचे असतात. ती बसण्याची जागा कंपनीच्या हातात. २००८ च्या मंदीत जागा आटल्या आणि परवाना हातात घेऊन घरी बसलेल्या मुलांची संख्या हजारांवर गेली. त्यांच्या डोक्यावर व्याज चढत होते. २०११ साली काही वैमानिकांनी परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे उघडकीस आले. तो गुन्हाच होता, त्याचे समर्थन नाही. पण जेथे दाराशी गर्दी आणि अंगावर कर्ज असते तेथे दलाल येतो, हे आम्ही गिरणीच्या दारात पाहिलेले आहे.

आज उड्डाणाचे शिक्षण आणि त्यावर विशिष्ट जातीचे विमान चालविण्याची पात्रता, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, असे मिळून खर्च कोटी रुपयांच्या आसपास जातो. आता एक विसंगती पाहा. आपल्याकडे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्याप्रमाणे टर्नर, फिटर म्हणून कारखान्यात शिकणाऱ्या पोराला मालकाने विद्यावेतन द्यावे लागते. म्हणजे शिकणाऱ्याला पैसे मिळतात. आणि शेकडो माणसांचा जीव ज्याच्या हाती द्यायचा, तो शिकणारा पैसे मोजतो, वर नोकरी न सोडण्याचे बंधनही लिहून देतो! दस्तुरी गेली म्हणून आपण आनंद मानला. ती कोट घालून परत आली आहे.

बंधनाला सरकारनेही हात लावला, पण दुसऱ्या बाजूने. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने राजीनाम्याची मुदत कॅप्टनला एक वर्ष आणि सह-वैमानिकाला सहा महिने केली. प्रवाशांची अचानक गैरसोय होऊ नये, हे त्याचे कारण. ते मी समजू शकतो. पण कंपनी अचानक बंद पडली तर? किंगफिशरचे पगार महिनोन्महिने थकले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमाने जमिनीवर बसली. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण झाले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. या तिन्ही वेळी ज्याला अनुभवाचे हजारो तास होते तो कॅप्टन दुसरीकडे, क्वचित परदेशीही, लागू शकला. तीनचारशे तासांचा सह-वैमानिक मात्र कर्जासह जागच्या जागी राहिला. बंधन एकाच बाजूला असते त्याला करार म्हणू नये, असे मला वाटते.

संघटना कोणासाठी?

माझा धंदा संघटनेचा. म्हणून आपल्याच माणसांविषयी थोडे कडू बोलणे मला भाग आहे.

अमेरिकेतील वैमानिकांनी १९३१ साली आपली संघटना स्थापन केली. १९३४ साली त्यांनी महिन्याला ८५ तासांची उड्डाणमर्यादा मिळविली. आपल्याकडे जेट एअरवेजच्या वैमानिकांनी २००९ साली मुंबईत संघटना काढली, तेव्हा दोघांना नोकरीतून काढले गेले. सप्टेंबरात शेकडो वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवसांनी तडजोड झाली. भल्या पगाराच्या माणसांनी संप कसला करायचा, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पगार किती यावरून माणूस कामगार की मालक हे ठरत नाही. त्याला एका कागदाने घरी पाठविता येते की नाही, यावरून ते ठरते.

आता दोन संप शेजारी ठेवून पाहा.

पहिला १९८५ सालचा, अमेरिकेतील युनायटेड कंपनीचा. कंपनीचे म्हणणे असे की, जुन्या वैमानिकांचा पगार आहे तसा राहील. यापुढे जे नवे लागतील त्यांना कमी दराने घ्यायचे. जुन्यांचे त्यात काहीच जात नव्हते. तरी १७ मे रोजी ते संपावर गेले आणि २९ दिवस बाहेर राहिले. जी माणसे अजून भरतीसुद्धा झालेली नव्हती, त्यांच्या ताटासाठी ते भांडले. आणि दुसरी बाजू ऐका. संप मोडण्यासाठी उपयोगी पडतील म्हणून कंपनीने सुमारे ५७० नवशिके शिकवून तयार ठेवले होते. त्यांच्यापुढे आयुष्यातली पहिली मोठी नोकरी होती. संपाच्या दिवशी त्यांतले बहुतेक सगळे कामावर गेलेच नाहीत! पुढे कंपनीने त्यांना घेण्याचे नाकारले. १९८६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दुहेरी वेतन त्या संपाने पूर्णपणे मोडले नाही, त्याला मुदतीची मर्यादा तेवढी पडली. पण जुन्याने नव्यासाठी आणि नव्याने जुन्यासाठी उभे राहावे, असे दोन्ही बाजूंनी घडलेले उदाहरण कामगार चळवळीत मला फार थोडे आढळले.

दुसरा संप आपला, २०१२ सालचा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ साली एक झाल्या. वैमानिकांच्या याद्या मात्र मनाने दोनच राहिल्या. ड्रीमलायनर ही नवी विमाने येणार होती. त्यांचे शिक्षण पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही द्यायचे ठरले. त्याविरुद्ध जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना मे महिन्यात संपावर गेली. संप ५८ दिवस चालला, अनेकांना बडतर्फ केले गेले, संघटनेची मान्यता गेली. त्यांच्या बाजूलाही म्हणण्यासारखे होते. आपल्या बढत्या वर्षानुवर्षे अडतील ही भीती खरी होती, आणि विलीनीकरण करताना सरकारने ती आधी मिटवायला हवी होती. पण संघटनेने लढायचे ते दुसऱ्याला शिकू देऊ नका म्हणून, हे मला पटत नाही. ज्येष्ठता यादी ही नव्याला वर येण्याची शिडी आहे. ती ओढून घेतली की उरते ती जातपंचायत. हा दोष वैमानिकांचाच नव्हे. बदली कामगाराला सभासद करून घ्यायला नाखूश असलेल्या युनियन मी आपल्याकडेही पाहिल्या आहेत, आणि तेव्हा माझ्या हातूनही ढिलाई झाली आहे.

काय मागावे?

तर मग नव्या वैमानिकाला न्यायाने वागविणे म्हणजे काय? इतिहासातून मला चार गोष्टी मिळतात.

पहिली, शिकविणारा आणि परीक्षक वेगवेगळे असावेत. टेनेरिफचा धडा हाच आहे. शिकणाऱ्याला आपली शंका आणि आपले अज्ञान ज्याच्यापाशी निर्धास्तपणे सांगता येईल, असा एक अनुभवी माणूस त्याला नेमून द्यावा. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक लहान विमान पडून ५० माणसे गेली. त्यातील सह-वैमानिक तरुणीला वर्षाला सुमारे सोळा हजार डॉलर पगार होता, आणि कामाच्या ठिकाणी पोचण्यासाठी आदली रात्र तिने दुसऱ्या विमानांतून प्रवासात काढली होती. त्या माणसांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. २०१० साली तेथे कायदा झाला आणि नव्या वैमानिकांना ज्येष्ठांचे मार्गदर्शन देण्याची जबाबदारी त्याने कंपन्यांवर टाकली. त्याचे पूर्ण नियम व्हायला मात्र २०२० साल उजाडले.

दुसरी, कंपनीच्या विमानाचे शिक्षण कंपनीच्या खर्चाने व्हावे. निदान बंधन दोन्ही बाजूंना असावे. कंपनीने काढले किंवा कंपनी बुडाली, तर उमेदवाराचे देणे संपावे.

तिसरी, विश्रांती. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांची पूर्ण अंमलबजावणी १ नोव्हेंबर २०२५ पासून व्हायची होती. डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण तेवढे वैमानिक तिच्यापाशी नव्हते, आणि काही नियम तात्पुरते शिथिल झाले. दमलेल्या कॅप्टनला नवा माणूस शिकविण्याची ताकद उरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

चौथी, 'गो अराउंड' म्हणणाऱ्याला संरक्षण. त्या शब्दामुळे कोणाचा शेरा बिघडणार नाही, हे संघटनेने लिहून घ्यावे. मनाने खचलेल्या वैमानिकाला सहकाऱ्यांनीच आधार द्यावा, अशी योजना महासंचालनालयाने २०२३ साली सुचविली आहे. ती कागदावर न ठेवणे जुन्या वैमानिकांच्याच हाती आहे.

शेवटी त्या जॉबर गृहस्थांना मी काय सांगितले, ते सांगतो. सही करू नका, असे मी म्हटले नाही. जमीन गहाण असलेल्या बापाला तसे सांगणे सोपे असते, ऐकणे कठीण. मी मुलीला बोलावले आणि कागदातल्या प्रत्येक कलमाखाली आम्ही मिळून प्रश्न लिहिले. कंपनीने काढले तर? पगार थकला तर? आजारी पडले तर? ती ते प्रश्न घेऊन गेली. त्यांतल्या एकाचे उत्तर तिला लेखी मिळाले, बाकीच्यांची तोंडी. तिने सही केली. तोंडी उत्तरेसुद्धा तारीख घालून वहीत लिहून ठेव, असे मी तिला सांगितले.

आणि तिच्या वडिलांना मी एक प्रश्न विचारला. तुमच्या मागावर नवा पोरगा येतो, त्याची पहिल्या आठवड्याची मजुरी कोणाकडे जाते? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, आता नाही घेणार."